धडगावच्या बायकांचं उत्तर

चि. ईशान आणि चि. तारा,

मागच्या हिवाळ्यात मी नंदुरबार जिल्ह्यात आठ दिवस फिरून आले, हे तुमच्या आईने तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. आजी तिकडे काय बघून आली, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी "सावकाश लिहीन" म्हणाले होते. आता सावकाश लिहून चालणार नाही. पंधरवड्यापूर्वी टपालाने एक छापील अहवाल आला. त्यात धडगावच्या बायकांबद्दल एक ओळ आहे आणि ती खोटी आहे. शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत माझं नाव आहे. म्हणजे पुढेमागे कधी तुमच्या हाती तो अहवाल पडला, तर ती ओळ आजीच्या संमतीने छापली असं तुम्हाला वाटेल. तसं वाटू नये म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते. वाचता वाचता अडलात तर आईला विचारा. माझं अक्षर तिला लागतं.

आधी काम काय होतं ते सांगते. तुमची मृणालमावशी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, मानसशास्त्राची डॉक्टर आहे. जुनाट दुखण्यांवर जागृत संमोहनाचा उपयोग करून बघणं हा तिचा विषय. संमोहन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घड्याळ हलवणारा जादूगार येत असेल. तो विसरा. यात कोणी झोपत नाही. डोळे उघडे असतात, अंग हलत असतं आणि माणूस एकीकडे सांगणाऱ्याचं बोलणं ऐकत असतो. हळूहळू मन त्या हालचालीत इतकं गुंततं की दुखण्याकडे लक्ष द्यायला ते मोकळं राहत नाही. मृणालच्या अभ्यासात यासाठी तीन पद्धती होत्या. एक, जागच्या जागी चालवायची सायकल. दोन, खुर्चीवर बसून हात मनगटातून वरखाली हलवत राहणं. तीन, जमिनीवर आखलेल्या गोलावरून एका लयीत चालणं. नवापूर, लोणखेडा आणि धडगाव या तीन ठिकाणी तीन महिने लोकांनी आठवड्यातून एकदा या पद्धती आलटून पालटून केल्या होत्या. आता कोणाला काय आवडलं एवढंच विचारायचं बाकी होतं. जिथे लोकांची पसंती स्पष्ट दिसेल तिथे त्या पद्धतीचं केंद्र चालू ठेवायचं आणि दिसणार नाही तिथलं बंद करायचं, असं खर्च करणाऱ्या संस्थेने ठरवलं होतं.

मृणालची मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर गेली. नोंदी सुवाच्य ठेवणारं माणूस हवं होतं. मी शाळेत मुख्याध्यापिका होते, आणि तिथे हजेरीपटावर कधी खाडाखोड होऊ दिली नाही. मी म्हटलं, मी येते.

नवापूर

नवापूर गुजरातच्या सीमेवर आहे. पाट्या दोन लिप्यांत, भाव तीन भाषांत. सकाळी स्टेशनाबाहेर आम्ही पपईच्या चटणीबरोबर फाफडा खाल्ला आणि मृणालने मला तिथल्या केंद्रात तिन्ही पद्धती करून बघायला लावल्या, म्हणजे मी काय लिहिते आहे ते मला कळावं. सायकलवर मी पेडलचे फेरे मोजत बसले. मृणाल म्हणाली, "मावशी, मोजू नकोस." मोजल्याशिवाय मला काही करता येत नाही. चालताना माझा गुडघा कुरकुरला. हात मात्र पाचेक मिनिटांनी आपला आपण हलायला लागला. मी थांबवायचा विचार करत होते आणि तो हलत होता. मला आधी त्याचा रागच आला. मग लक्षात आलं की एवढा वेळ गुडघा आठवला नव्हता.

दुपारी एका कापडाच्या दुकानात गेलो. मालक शेठजी, राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, वय माझ्याएवढं. त्यांचा खांदा धरलेला आणि त्यांच्या सुनेचं, भावनाचं, अर्धं डोकं दुखायचं. दोघंही केंद्रात येणारे. दुकान सोडवत नाही म्हणून त्यांना तिथेच विचारायचं ठरलं. शेठजींचं उत्तर तयार होतं.

"बहेनजी, गल्ला सोडून मी गोल गोल कुठे फिरू? हातच बरा. बसल्या जागी होतो, गिऱ्हाइकावर नजर पण राहते."

मी लिहून घेतलं. मग त्यांनी मान न वळवता पुढे सांगितलं, "बहूचं पण हातच लिहा."

बहू चार हातांवर आतल्या दारात उभी होती. तिच्या तोंडात जीभ होती, कान होते, आणि डोकं तर तिचंच दुखत होतं. शेठजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते हे सांगायला हवं. आम्हाला चहा, त्याच्याबरोबर खाखरा, माझ्या पाठीला लोड, सगळं त्यांनी मागवलं. पण सुनेच्या डोक्याला काय आवडतं हे आपल्याला ठाऊक आहे याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. कप परत द्यायला मी आत गेले तेव्हा भावना हळूच म्हणाली, "आजी, मला सायकल आवडते. लग्नाआधी मी सायकलवरून शाळेत जायची."

मी बाहेर येऊन शेठजींच्या देखतच तिच्या नावापुढचं "हात" खोडलं आणि "सायकल" लिहिलं. माझ्या वहीतली ती पहिली खाडाखोड. शेठजी म्हणाले, "अरे वा. सांगितलं नाही कधी." मी म्हटलं, "विचारलं होतं कधी?" मृणालने हळूच माझा पाय दाबला.

संध्याकाळपर्यंत माझा संताप उतरला नव्हता. मी मृणालला सांगितलं की यापुढे प्रत्येक माणसाला एकट्याने आत बोलवायचं, दार लावायचं आणि मग विचारायचं. परीक्षेत असतं तसं, कोणी कोणाला उत्तर सांगायचं नाही. संस्थेचे समन्वयक पंडित नावाचे गृहस्थ होते. मृणालने त्यांना फोनवर हे कळवलं. ते खूष झाले. "मॅडमना सांगा, एकदम शास्त्रशुद्ध." मलाही तेव्हा बरं वाटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या या नियमापासून झाली.

लोणखेडा

नंदुरबारच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरच्या वाळत घातलेल्या असतात. तिकडे त्या जागेला पथारी म्हणतात. एकेक पथारी आपल्या शाळेच्या मैदानाएवढी. गाडीच्या काचा बंद असूनही आम्ही तिघं, म्हणजे मी, मृणाल आणि चालक, तापीवरचा पूल येईपर्यंत शिंकत होतो. देठ खुडणाऱ्या बायका त्या ठसक्यात दिवसभर बसलेल्या असतात. त्यांना शिंक येत नाही का, असं मी चालकाला विचारलं. तो म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी येते."

तापीपलीकडे केळी आणि ऊस. लोणखेडा शहाद्याला लागूनच आहे. तिथे आम्ही नथूभाऊंच्या घरी उतरलो. मूळ गुजरातेतून आलेल्या शेतकऱ्यांपैकी ते, केळीची बाग असलेले, कमरेच्या दुखण्याने बेजार. जेवायला कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, आणि वर भरीत. आपल्याकडे भरतात दही घालतात हे मी सांगितल्यावर नथूभाऊंच्या बायको मंजूकाकू माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या.

संमोहनाची गावात बरीच चर्चा झालेली होती. मनातलं सगळं काढून घेतात, असं कोणीतरी पसरवलं होतं. मंजूकाकूंना त्याचं काही नव्हतं. "मन्हा मनमा काय शे? भाकरी आनि भाजी. लई जा म्हनो." म्हणजे, घेऊन जा म्हणावं.

इथे माझा नियम उत्तम चालला. प्रत्येक जण एकट्याने आत आला, खुर्चीत टेकून बसला आणि भडाभडा बोलला. नथूभाऊंनी तर सायकलीची बिनपाण्याने केली. "ताई, ती सायकल पाच कोस चालनी आनि मी तठेच शे. माले चालानंच बरं. चालता चालता बागमा पानी कोठे फुटनं तेबी दिसस." मंजूकाकूंनी त्यानंतर आत येऊन दार स्वतः लावून घेतलं आणि सांगितलं की त्यांना हात आवडतो, कारण तेवढा वेळ नवरा समोर नसतो. हे लिहू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लिखा. त्याले वाचता येत नई चष्माबिगर."

माझी खात्री पटली की विचारण्याची एकच योग्य रीत असते आणि ती मला सापडली आहे.

घाटातून वर

धडगावच्या केंद्रातली सायकल दुरुस्तीसाठी शहाद्याला आणली होती. ती आमच्याबरोबर वर न्यायची होती. आमच्या गाडीत मावेना म्हणून एका वडाप जीपच्या टपावर, कोंबड्यांच्या दोन पाट्यांच्या मधोमध, ती दोरीने बांधली आणि आम्हीही त्याच जीपमध्ये बसलो. नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा. माझ्या मांडीवर कोणाचं तरी बाळ होतं. आईने न विचारता ठेवलं, आणि मला ते आवडलं.

सातपुड्याचा घाट चढायला लागलो तशी हवा बदलली. सागाची पानं हातभर मोठी आणि वाळून कागदासारखी कडक झालेली. उतारांवर तुरीची आणि मक्याची लहान लहान शेतं, आणि त्यांच्या मध्ये एकेक घर. आपल्याकडे घरं एकमेकांना टेकलेली असतात. इथे प्रत्येक घर आपापल्या शेतात, शेजाऱ्याला हाक मारली तर पोचेल इतक्या अंतरावर. एका वळणावर वरून काहीतरी खडखडत गेलं. धडगावला उतरल्यावर कळलं की सायकलीचं डावं पेडल दरीत गेलं. कोंबड्या शाबूत होत्या.

धडगाव, मंगळवार

इथलं केंद्र एका दवाखान्याच्या मागे होतं. एक लांबट खोली, ओटा आणि अंगण. आशा कार्यकर्ती वनिता आमची दुभाषी. तीस-बत्तिशीची, मूळची तिथलीच. घरची भाषा पावरी, मराठी शाळेतली, आणि दोन्हींत सारखीच चटपटीत. अकरा बायका आल्या होत्या. त्यातली एक खिलाबाई. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण या सगळ्यात खरं काही पणाला लागलं होतं ते तिचं.

खिलाबाईचा उजवा हात दीड वर्षापूर्वी चुलीत पडून भाजला होता. जखम भरली, पण भरताना कातडी ओढली गेली आणि बोटं तळव्याकडे वळली. दर आठवड्याला कोणीतरी ती ताणून उघडली नाहीत तर ती तशीच मिटून कायमची कडक होणार होती. ताणताना इतकं दुखे की तिने दवाखान्यात येणंच सोडलं होतं. बुधवारच्या या बैठका सुरू झाल्या तशी ती परत यायला लागली. संमोहन चालू असताना दवाखान्यातल्या सिस्टर तिची बोटं थोडी थोडी ताणत. बैठका बंद म्हणजे तिचं येणं बंद, हे सिस्टर आम्हाला पोचल्या पोचल्या म्हणाल्या. तिचं एकटीचं शेत होतं. एका हाताने तूर कापता येत नाही.

पंडित त्या दिवशी स्वतः आले होते. पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अतिशय सभ्य. माझ्या नियमाप्रमाणे एकेक बाई आत आली. दार लागलं. समोर मृणाल, बाजूला वनिता, टेबलाशी मी वही घेऊन आणि मागे पंडित. तिन्हीपैकी काय आवडलं?

पहिली म्हणाली, सगळं चांगलं. दुसरी म्हणाली, सगळं चांगलं. तिसरीने थोडा विचार केला आणि म्हणाली, सगळंच चांगलं. मृणालने प्रश्न फिरवून विचारला, एकच ठेवायचं झालं तर? उत्तर आलं, तुम्ही ठेवाल ते. खिलाबाईसुद्धा तसंच म्हणाली, आपला वळलेला हात पदराखाली धरून, आमच्याकडे नम्रपणे हसत. अकरा बायका, अकरा वेळा तेच.

मी लिहीत गेले. चहाच्या वेळी पंडितांनी माझी वही मागून घेतली, शेवटचा रकाना पाहिला आणि स्वतःच्या पेनाने पानाच्या कडेला लिहिलं: प्राधान्य आढळले नाही. प्रश्न समजण्याची क्षमता कमी.

माझ्या वहीत. त्या अकरा नावांच्या शेजारी.

मी त्यांना विचारलं की हे कशावरून? ते म्हणाले, "मॅडम, तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न, एकच पद्धत. बाकी दोन्हीकडे उत्तरं आली. इथे नाही. निष्कर्ष एकच निघतो." आणि त्यांनी सुपारी तोंडात टाकली. वनिता ट्रे घेऊन तिथेच उभी होती. इतका वेळ तीच आमचं मराठी पावरीत सांगत होती, पण ती हेही ऐकते आहे, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मी उठून ओट्यावर गेले. खरं सांगायचं तर तेव्हा माझा राग अर्धा त्या बायकांवरही होता. तीन महिने करून बघितलं आणि एक वाक्य सांगता येऊ नये? वनिता माझ्या मागून आली आणि शेजारी टेकली.

"बाई, तुम्ही मोठ्या आहात म्हणून सांगते. तुमच्या घरी मी गेले, तुम्ही तीन भाज्या केल्या, आणि मग दार लावून मला विचारलं की यातली कोणती आवडली. मी काय सांगू?"

मी म्हटलं, सगळ्या आवडल्या असं सांगशील.

"मग?" ती म्हणाली. "एक चांगली म्हटली तर दोन वाईट झाल्या. तुम्ही एवढ्या लांबून आणलं, सायकल जीपवर बांधून आणली. त्यात मागे ते साहेब बसलेले. वाईट कोण म्हणेल? आमच्यात असं विचारतच नाहीत. ठेवतात आणि बाजूला होतात. ज्याला जे पाहिजे ते तो उचलतो."

मला स्वतःच्या घरची आठवण झाली आणि कानशिलं तापली. आपल्याकडे पाहुण्याला चहा घेणार की कॉफी विचारलं तर तो काय म्हणतो? "काहीही चालेल." माझे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी हेच म्हणत आले, आणि त्यांना कॉफी बिलकुल आवडत नसे. त्यांची प्रश्न समजण्याची क्षमता कमी आहे असं कोणी कुठल्या वहीत लिहिलं नाही. आपण म्हटलं की तो शिष्टाचार, डोंगरातल्या बाईने म्हटलं की अडाणीपणा. आणि दार लावायची अक्कल माझी. नवापूरला ज्या एकांताने एका बाईचं तोंड उघडलं, त्याच एकांताने मी इथे अकरा जणींची तोंडं बंद केली होती. नियम बरोबर होता का चूक, याचा विचार मी एका गावावरून केला आणि तो नियम बाकीच्या गावांना लावला. शाळेत हे एखाद्या नव्या बाईंनी केलं असतं तर मी त्यांना बोलावून घेतलं असतं.

रात्रीच्या जेवणाला वनिताच्या घरी उडदाची डाळ, मक्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. सगळं पुढे ठेवून ती आत निघून गेली. मी भाजी तीनदा घेतली.

धडगाव, बुधवार

सकाळी मृणालने पंडितांना सांगितलं की आज नेहमीची बैठक होईल, पण कोणी कोणाला काही विचारणार नाही. एका पेडलची सायकल ओट्यावर ठेवली. खुर्च्या भिंतीशी मांडल्या. अंगणात चुन्याने गोल आखला. दार सताड उघडं टाकलं आणि आम्ही सगळे आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसलो, पंडितसुद्धा, नाखुशीने.

बायका आल्या. थोडा वेळ आपसात बोलत उभ्या राहिल्या. मग दोन तरुण पोरी सरळ सायकलीकडे गेल्या. एकीने पेडल मारायचं, दुसरीने पेडल गेलेल्या बाजूचा नुसता आस पायाने ढकलायचा, अशी वाटणी करून त्यांनी ती चालू केली. एक म्हातारी खुर्चीत जाऊन बसली, हात हलवायला लागली आणि शेवटपर्यंत उठली नाही. उरलेल्या आठ जणी अंगणात गेल्या. गोलावर मात्र एकीमागे एक, हातभर अंतर ठेवून, म्हणजे अभ्यासात लिहिलं होतं तशा त्या चालल्याच नाहीत. त्यांनी ओळ धरली. एकीचा हात दुसरीच्या कमरेवर, खांद्याला खांदा, त्यांच्याकडे सणाला नाचताना धरतात तशी. दोन पावलं पुढे, एक मागे, आणि सगळी ओळ हळूहळू गोल फिरायला लागली. खिलाबाई मधोमध होती. डाव्या-उजव्या बायकांनी तिला कोपरांशी धरलं होतं.

मृणाल उठून त्यांच्या बाजूने चालायला लागली. ती मराठीत सांगे आणि वनिता पावरीत. पाऊल हलकं होतंय, डोळे स्वच्छ उघडे आहेत, समोरचा डोंगर स्पष्ट दिसतोय, हात लांब कुठेतरी आहे. वनिता पुढे पुढे मृणालचं वाक्य पूर्ण होण्याची वाट बघेनाशी झाली. सिस्टर ओळीच्या समोर उलट्या पावलांनी चालत होत्या, खिलाबाईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन. त्यांनी एक बोट उघडलं. मग दुसरं. खिलाबाईचं पाऊल चुकलं नाही. ती समोर बघत होती आणि तिच्या कपाळावर एक आठीसुद्धा नव्हती. कित्येक आठवड्यांत जेवढं झालं नव्हतं तेवढं आज झालं, असं सिस्टर नंतर म्हणाल्या.

सगळं आटपल्यावर खिलाबाई आपण होऊन वनिताशी काहीतरी बोलली. मी विचारलं काय म्हणते. वनिताने सांगितलं, "ती म्हणते, एकटीने चाललं की हात आठवतो."

मी तेवढं वाक्य तारीख-वारासकट लिहून घेतलं. अकरा जणींच्या नावांपुढे त्या कुठे गेल्या, किती वेळ राहिल्या, सगळं लिहिलं. माझ्या मते याहून स्पष्ट पसंती कुठेच मिळाली नव्हती, शेठजींच्या दुकानातही नाही. ते पान मी पंडितांपुढे ठेवलं.

त्यांनी वाचलं. म्हणाले, "छान आहे. पण हे घेता येणार नाही. अभ्यासात पद्धती तीन. ही चौथी झाली. शिवाय त्या एकमेकींचं बघून गेल्या. स्वतंत्र निवड म्हणता येत नाही."

मृणालने शांतपणे वाद घातला. तिन्हीपैकी चालणं त्यांनी निवडलं आणि त्यात आपल्याला काय हवं ते दाखवलं, हीच माहिती सगळ्यात मोलाची, असं तिचं म्हणणं. पंडित घड्याळ बघत होते. मग मी बोलले. मी म्हटलं, "निदान कडेला लिहिलंय ते तरी खोडा. क्षमतेबद्दलचं. ज्या बाईच्या नावापुढे ते लिहिलं ती उद्या बोटं उघडली की तूर कापायला जाणार आहे."

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

मुलांनो, एक लक्षात ठेवा. तुम्ही पुराव्याचं पान पुढे केलंत आणि समोरचा तुमच्या भावनांबद्दल बोलायला लागला, तर त्याच्यापाशी उत्तर संपलेलं असतं. मी वहीची स्वच्छ प्रत करून द्यायचं कबूल केलं होतं. तिथेच ओट्यावर बसून ती केली, बुधवारचं पान जोडून, प्रत्येक पानावर क्रमांक आणि एकूण पानं लिहून, आणि कडेचा शेरा वगळून. खाली लिहिलं की हा शेरा नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीला मान्य नाही, आणि सही केली. पंडितांनी प्रत घेतली, आभार मानले आणि ते घाट उतरून गेले.

परतल्यावर

छापील अहवालाला माझी प्रत जोडली आहे, पण तिचं शेवटचं पान नाही. एकूण पानांचा आकडा घातला होता म्हणून एक पान कमी आहे हे अजून दिसतं. त्या कापलेल्या प्रतीवरून केलेल्या तक्त्यात नवापूर: हात. लोणखेडा: चालणे. धडगाव: प्राधान्य आढळले नाही, प्रश्न समजण्याची क्षमता मर्यादित. कमीच्या जागी मर्यादित लिहिलं, एवढी सभ्यता पाळली आहे. मृणालने अहवालावर सही केली नाही. तिने संस्थेला स्वतंत्र पत्र लिहिलं आहे, मीही लिहिलं आहे आणि माझं नाव आभारांतून काढा असं कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. भावनाची सायकलही कुठे गेली कोण जाणे, नवापूरच्या तक्त्यात एकच शब्द आहे.

धडगावचं केंद्र बंद झालं. खुर्च्या आणि सायकल संस्थेने परत नेल्या. काल मी वनिताला फोन केला आणि विचारायचं तेवढंच विचारलं. दर बुधवारी आठ-दहा बायका दवाखान्यामागच्या अंगणात अजून जमतात. वनिता पावरीत बोलते. सिस्टर ड्यूटी आटपून येतात. खिलाबाई एकही बुधवार चुकलेली नाही. तिचा अंगठा आणि पुढची दोन बोटं पूर्ण उघडतात, तिसरं अर्धं उघडतं, करंगळी उघडत नाही. या वर्षी तूर तिने स्वतः कापली.